समोर दिसतं ते कॉर्फू

युरोपात ऑनसाइट गेलेल्या मित्रमंडळींकडून दर उन्हाळ्यात एक ठरलेला प्रश्न येतो. इटली करून झालं, ग्रीसची बेटं खिशाला परवडत नाहीत, क्रोएशियात पाय ठेवायला जागा नाही. आता समुद्र बघायचा तर कुठे जायचं? माझंही उत्तर ठरलेलं आहे. अल्बेनिया. त्यावर पलीकडून आधी "हे कुठे आलं?" आणि पाठोपाठ "सेफ आहे ना रे?" असे दोन प्रश्न येतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: इटलीच्या बुटाच्या टाचेसमोर, ग्रीसच्या डोक्यावर. दुसऱ्याचं उत्तर "हो, आहे". पण १९९७ मध्ये हेच उत्तर "वेडा आहेस का?" असं असतं. या दोन उत्तरांच्या मध्ये काय काय झालं ते सांगायला अख्खा लेख लागतो, म्हणून हा शनिवार त्याच्या नावाने.

आधीच सांगतो, ही 'दहा सुंदर बीच' छाप यादी नाही. तशा याद्या ढिगाने मिळतात. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अल्बेनियात फिरताना पर्यटकाची ज्या ज्या गोष्टींशी गाठ पडते (व्हिसा, पैसे, गाड्या, बोटी, अर्धवट बांधलेली घरं) त्या प्रत्येकीच्या मागे गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांतली काही ना काही भानगड आहे. अगदी लेगसी कोडसारखं. एखादं विचित्र फंक्शन दिसतं, काढून टाकावंसं वाटतं, आणि मग कळतं की ते कुणीतरी, कधीतरी, कसल्यातरी भीतीपोटी लिहिलेलं होतं.

तर व्हिसापासून सुरुवात करू, आपला तोच जिव्हाळ्याचा विषय. अल्बेनिया युरोपीय संघात नाही, शेंगेनमध्येही नाही. पण तुमच्याकडे शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा चालू मल्टिपल एंट्री व्हिसा असेल, आणि त्यावर तुम्ही एकदा तिथे जाऊन आलेला असाल, तर भारतीय पासपोर्टवर अल्बेनियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर ऑनलाइन ई-व्हिसा. (हे नियम बदलत असतात. निघण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर बघून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.) यात एक मोठी खाच आहे. सिंगल एंट्री शेंगेन घेऊन ग्रीसमार्गे अल्बेनियात शिरलात की ती एंट्री संपली. परतीचं विमान अथेन्सहून असेल तर बोंबला!

तिरानाच्या विमानतळावर उतरलात की एक ओळखीचं नाव दिसतं: 'ननं तेरेझा'. म्हणजे आपल्या मदर तेरेसा. त्या मूळच्या अल्बेनियन, जन्म १९१० चा, स्कोप्ये शहरातला. पुढे कलकत्त्याच्या आणि भारताच्या नागरिक झाल्या हे आपल्याला माहीत असतं. माहीत नसतं ते हे की त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या आणि कम्युनिस्ट सरकारने मदर तेरेसांना आत येऊ दिलं नाही, त्या दोघींना बाहेर जाऊ दिलं नाही. बऱ्याच मोठमोठ्या लोकांनी रदबदली करून पाहिली. उपयोग शून्य. आई १९७२ मध्ये गेली, बहीण त्यानंतर वर्षभरात. मदर तेरेसांना त्या देशात पाऊल टाकता आलं ते १९८९ मध्ये, आणि तेही दोघींच्या कबरींवर फुलं ठेवायला. तोवर त्यांना नोबेल मिळून दहा वर्षं झाली होती. ज्या देशाने त्यांना दार उघडलं नाही त्याच्या दारावर आज त्यांचंच नाव आहे. व्हिसाच्या रांगेत वैतागलात की हे आठवा.

आता हे दार इतकं घट्ट का लावलं होतं? त्यासाठी समुद्रावर जायला लागेल.

अल्बेनिया स्वतंत्र झाला १९१२ मध्ये, तोही व्लोरा या बंदराच्या गावी. त्याआधी जवळजवळ पाचशे वर्षं ऑटोमन साम्राज्य. स्वातंत्र्यानंतर सत्तावीस वर्षं होतात न होतात तोच ७ एप्रिल १९३९ ला मुसोलिनीचं सैन्य आलं. कुठून? अर्थात समुद्रावरून. दुर्रस, व्लोरा, सारांदा, म्हणजे आज जिथे जिथे आपण टॉवेल पसरतो नेमक्या त्याच किनाऱ्यांवर ते उतरलं. सारांदाचं तर नावच बदलून 'पोर्तो एद्दा' केलं. एद्दा म्हणजे मुसोलिनीची मुलगी. (नामांतराची हौस काही फक्त आपल्याकडेच नाही.)

महायुद्ध संपता संपता, नोव्हेंबर १९४४ मध्ये, एन्वर होजाच्या कम्युनिस्टांनी देश ताब्यात घेतला. हा माणूस फ्रान्समध्ये शिकलेला, फ्रेंचचा मास्तर, बोलायला गोड, आणि संशयी इतका की सावलीचीही चौकशी लावेल. दोन वर्षांत, ऑक्टोबर १९४६ मध्ये, सारांदाच्या समोरच्या खाडीत ब्रिटनच्या दोन युद्धनौका सुरुंगांवर आपटल्या आणि ४४ खलाशी मेले. ते प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. त्या न्यायालयापुढे आलेला हा पहिलाच खटला. १९४९ मध्ये निकाल अल्बेनियाच्या विरोधात लागला. अल्बेनियाने भरपाई दिली नाही, ब्रिटनने अल्बेनियाचं महायुद्धात सापडलेलं सोनं अडकवून ठेवलं, आणि ते भांडण मिटून सोनं परत मिळायला १९९६ उजाडलं! समोरच्या त्या निळ्याशार पाण्यासाठी पन्नास वर्षं चाललेली ही केस. आपल्या जमिनीच्या दाव्यांना उगाच नावं ठेवतो आपण.

होजाने मग एकेकाशी फारकत घेतली. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी, १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाशी, १९७८ मध्ये चीनशी. रशियाशी बिनसलं तेव्हा व्लोराजवळच्या तळावरून रशियन पाणबुड्या निघून गेल्या आणि चार मात्र अल्बेनियाने ठेवून घेतल्या. प्रत्येक भांडणानंतर शत्रूंची यादी वाढत गेली. नाटो शत्रू, वॉर्सा करार शत्रू, शेजारी शत्रू. १९६७ मध्ये धर्मावरच बंदी आली, दोन हजारांवर मशिदी, चर्च आणि मठ बंद झाले. आणि साधारण त्याच सुमारास सुरू झाले ते बंकर.

हे बंकर तुम्हाला दिसणारच. सिमेंटचे अर्धगोल, उपड्या टोपल्यासारखे, पुढे एक फट. शेतात, स्मशानात, डोंगराच्या सोंडेवर, शाळेमागे, आणि हो, वाळूतही. नक्की किती याबद्दल वेगवेगळे आकडे आहेत, पण दीड लाखाच्या वर नक्की बांधले. देश आपल्या विदर्भाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा! किनाऱ्यावरच्या बंकरांची फट समुद्राकडे तोंड करून, कारण १९३९ मध्ये शत्रू तिकडून आला होता. शत्रू परत कधी आलाच नाही. लोकांची घरं मात्र दोन खोल्यांत दोन कुटुंबं अशी राहिली आणि सिमेंट वाळूत गेलं. आता काहींची कोठारं झालीत, काहींची हॉटेलं, काही पाण्यात कलंडून पडलेत आणि त्यांच्यावर बसून पोरं गळ टाकतात. तिरानात दोन मोठे बंकर संग्रहालय झालेत. शहराबाहेरचा, डोंगराच्या पोटातला जरूर बघा. खुद्द होजासाठी अणुयुद्धात लपायला बांधलेल्या खोल्या तिथे आहेत.

पण बंकर ही गमतीची गोष्ट झाली, फोटो काढायची. त्यापेक्षा मला अस्वस्थ करते ती क्सामिलची गोष्ट.

क्सामिल हे सारांदाच्या दक्षिणेला. आज इन्स्टाग्रामवर 'युरोपचं मालदीव' म्हणून जे फोटो फिरतात ते इथले. पांढरी वाळू, हिरवं-निळं पाणी, पोहत जाता येतील इतकी जवळ तीन-चार बेटं. आणि त्यामागे, समोरच, कॉर्फू. ग्रीसचं बेट. खाडी सगळ्यात अरुंद आहे तिथे अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. पलीकडची घरं मोजता येतात, रात्री दिवे दिसतात. होजाच्या काळात हा सीमेचा पट्टा होता. परवानगीशिवाय इथे फिरकायचं नाही. किनाऱ्यावर पहारे, रात्री पाण्यावर सर्चलाइट, गस्तीच्या बोटी. देश सोडून जाणं हा कायद्याने देशद्रोह, शिक्षा अगदी मृत्युदंडापर्यंत. आणि एकटा माणूस पळाला तर मागे राहिलेल्या घरच्यांना उचलून कुठल्यातरी आडगावी वर्षानुवर्षं स्थानबद्ध करायचे, पोरांच्या शिक्षणाचे दरवाजे बंद.

तरीही लोक पोहत जायचे. रात्री, अंगाला काय काय फासून, गाडीच्या ट्यूबला धरून. काही पोचले. काही गोळीने गेले, काही थंडीने. आपण हॉटेलच्या आरामखुर्चीत बसून थंड कॉफी पीत ज्या पाण्याचा फोटो काढतो ते हे पाणी. इथे मोठाले शब्द वापरायची गरज नाही, एकदा समोर बघितलं की पुरे.

असं नव्हे हं की तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी नव्हतीच. दुर्रसच्या किनाऱ्यावर कामगारांसाठी विश्रामगृहं होती. कारखान्यातून, युनियनमार्फत नंबर लागला की दोन आठवडे समुद्र. जुने लोक अजून त्याबद्दल आपुलकीने बोलतात, आणि त्यात खोटं काही नाही. तेवढीच सुट्टी मिळायची. तिथून पलीकडचा किनारा दिसत नाही हाही एक फायदाच होता. परदेशी पर्यटकसुद्धा थोडेफार यायचे, पण गटाने, सरकारी पर्यटन खात्यामार्फत, सोबत सरकारी गाइड. सीमेवर न्हावी बसवलेला असायचा! पुरुषाचे केस लांब असले की कापायचे, दाढी असली की उतरवायची, मगच आत. नाही म्हणालात तर माघारी. आजच्या आयटीतल्या निम्म्या जनतेला प्रवेश मिळाला नसता :-)

होजा १९८५ मध्ये गेला. व्यवस्था आणखी पाच वर्षं रेटली. पण एक गोष्ट बंकर अडवू शकले नाहीत, ती म्हणजे टीव्हीचे सिग्नल. इटलीचा सरकारी टीव्ही समुद्रावरून येत होता. पत्र्याचे डबे आणि तारा वापरून लोक गुपचूप अँटेना बनवत आणि इटालियन बातम्या, गाण्याचे कार्यक्रम, जाहिराती बघत. एका पिढीला इटालियन भाषा येते ती अशी, क्लास न लावता. (तुम्हाला थोडं इटालियन येत असेल तर अजूनही तिथे फार उपयोगी पडतं.) मांजरालासुद्धा चांदीच्या ताटलीत जेवण वाढणाऱ्या जाहिराती बघून लोकांना वाटलं, पलीकडे स्वर्ग आहे.

जुलै १९९० मध्ये पाचेक हजार लोक तिरानातल्या परदेशी वकिलातींच्या भिंतींवरून आत उड्या मारून गेले आणि सरकारला त्यांना जहाजाने जाऊ द्यावं लागलं. डिसेंबरात विद्यार्थी रस्त्यावर आले. २० फेब्रुवारी १९९१ ला तिरानाच्या मुख्य चौकातला होजाचा पुतळा जमावाने खाली ओढला. मार्चमध्ये इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरात दोन-तीन दिवसांत वीस-पंचवीस हजार लोक येऊन थडकले. आणि मग ऑगस्ट आला.

क्युबाहून साखर घेऊन आलेलं 'व्लोरा' नावाचं मालवाहू जहाज दुर्रसच्या धक्क्याला लागलं होतं. ७ ऑगस्ट १९९१ ला हजारो लोक पोहत, दोरांवरून चढत जहाजावर गेले आणि कप्तानाला म्हणाले, इटलीला चल. इंजिन धड नव्हतं. जहाजावर लोक किती? सुमारे वीस हजार. शिडांच्या खांबांवर, क्रेनवर, दोरांवर माणसं लोंबकळत होती. ऑगस्टचं ऊन, प्यायला पाणी नाही, खायला म्हणाल तर साखर. दुसऱ्या दिवशी जहाज बारी बंदरात पोचलं. इटलीने त्यांना गावातल्या एका जुन्या स्टेडियममध्ये कोंडलं, वरून हेलिकॉप्टरने खाणं टाकलं, आणि थोड्याच दिवसांत बहुतेकांना परत पाठवून दिलं.

त्या जहाजाचा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. व्हॉट्सअॅपवर येतो तो. कधी 'दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत पळणारे युरोपियन' म्हणून, कधी आजचे सीरियन निर्वासित म्हणून, कधी आणखी कशाच्या नावाने. एका इटालियन कपड्यांच्या ब्रँडने तर १९९२ मध्ये त्याची जाहिरात केली होती. ते सगळे लोक अल्बेनियन आहेत. कुणाचे तरी आईवडील, आज साठी-सत्तरीत असतील, आणि त्यातले काही कदाचित दुर्रसमध्ये तुम्हाला नाश्ता वाढतील.

हे सगळं डोक्यात ठेवून आता गाड्यांकडे येऊ. होजाच्या राज्यात खाजगी गाडी बाळगायला बंदी होती, ती उठली १९९१ मध्ये. म्हणजे देशातल्या पहिल्या ड्रायव्हरची पिढी आपल्या कॉलेजच्या वयाची! रस्ते बैलगाड्यांचे आणि ट्रकचे. रेल्वे तरुणांच्या 'स्वयंसेवी' श्रमदानातून बांधलेली, कधी विजेवर न आलेली. तिरानाचं स्टेशन २०१३ मध्ये पाडून तिथे रस्ता केला. सरकारी बससेवा कोलमडली तेव्हा लोकांनी जर्मनीतून वापरलेल्या व्हॅन आणल्या आणि धंदा सुरू केला. त्याला तिथे 'फुर्गोन' म्हणतात. आपण साताऱ्या-सांगलीकडे 'वडाप' म्हणतो. अगदी तेच. भरली की सुटते, हात केला की थांबते, पैसे उतरताना द्यायचे, मागच्या सीटवर कुणाचं तरी टोमॅटोचं खोकं. कोल्हापूरच्या माणसाला इथे ट्रेनिंगची गरज नाही. आता मोठ्या मार्गांवर बऱ्या बस आहेत, ऑनलाइन वेळापत्रकंही दिसतात, पण त्यावर फार विसंबू नका. कुठली गाडी कुठून सुटते हे आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारायचं. आणि शक्यतो सकाळी लवकर निघायचं, दुपारनंतर गाड्या विरळ होतात.

व्लोराहून सारांदाकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता हा या सहलीचा गाभा. लोगारा नावाचा हजार मीटरहून उंच घाट आहे, वर पाइनची झाडं आणि खाली एकदम समुद्र. २०२४ मध्ये घाटाखालून बोगदा सुरू झाला, त्यामुळे वेळ पुष्कळ वाचतो. पण माझं ऐका, जाताना घाटाने जा, येताना बोगद्याने या. आंबेनळीतून गेलेल्या माणसाला त्या वळणांचं काही वाटणार नाही. पुढे धेर्मी, हिमारा अशी एकेक गावं लागतात, तिथे एखादी रात्र राहावं.

आता पैसे. तिथलं चलन 'लेक'. नाही, मुलगी नव्हे. अलेक्झांडरला अल्बेनियन भाषेत 'लेका' म्हणतात, त्याच्यावरून १९२६ मध्ये हे नाव पडलं. तोच सिकंदर, झेलमपर्यंत आलेला. सध्या साधारण एक लेक म्हणजे एक रुपया, त्यामुळे हिशेबाला फार सोपं. पण सावध! १९६५ मध्ये सरकारने चलनातलं एक शून्य काढलं, जुने दहा लेक म्हणजे नवा एक. साठ वर्षं झाली, पण बाजारात लोक अजूनही बऱ्याचदा जुन्या लेकमध्ये बोलतात. टॅक्सीवाला 'दहा हजार' म्हणाला तर घाबरू नका, तो एक हजार म्हणतोय. तुम्हाला लुबाडत नाहीये, फक्त त्याच्या डोक्यात जुनं व्हर्जन चालू आहे. भाव कागदावर किंवा मोबाइलवर लिहून घेणं उत्तम. कार्ड मोठ्या हॉटेलात चालतं, बाकी सगळा रोखीचा कारभार.

आणि रोखीचा का, याचंही एक उत्तर आहे. बँका या प्रकाराशी लोकांची ओळखच उशिरा झाली, आणि झाली ती भलत्याच पद्धतीने. १९९१ नंतर पैसा येऊ लागला, तो ग्रीस-इटलीत पळालेल्या पोरांनी पाठवलेला. तो ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघाल्या, आपल्या भिशीचा मोठा भाऊ म्हणा. आधी महिन्याला आठ टक्के व्याज. मग दहा. १९९६ अखेर तर काही जणांनी महिन्याला तीस टक्के, तीन महिन्यांत तिप्पट अशी आमिषं दाखवली. एका स्कीमची मालकीण तर आधी बुटांच्या कारखान्यात कामाला होती. लोकांनी गाईगुरं विकली, घरं विकली. सरकार गप्प. देशातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांचे पैसे यात होते, आणि कंपन्यांची देणी १२० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्मी. जानेवारी १९९७ मध्ये हा मनोरा कोसळला.

आपल्याकडेही त्याच दशकात वृक्षलागवडीच्या आणि दामदुप्पट योजना बुडाल्या. लोक रडले, कोर्टात गेले, गप्प बसले. अल्बेनियात लोकांनी सैन्याची शस्त्रागारं फोडली. होजाने शत्रूसाठी साठवून ठेवलेल्या पाच लाखांवर बंदुका लोकांच्या हातात गेल्या. दक्षिण भाग, म्हणजे व्लोरा आणि सारांदासुद्धा, सरकारच्या हातातून निसटला. त्या वर्षी जवळपास दोन हजार माणसं मेली. शेवटी इटलीच्या नेतृत्वाखाली परदेशी सैन्य आलं. आणि त्याआधी, २८ मार्चला, व्लोराहून निघालेली माणसांनी खच्चून भरलेली एक जुनी बोट इटलीच्या युद्धनौकेवर आदळून बुडाली. ऐंशीच्या वर लोक गेले, त्यात पुष्कळशा बाया आणि लहान मुलं. 'सेफ आहे ना' या प्रश्नाचं मूळ इथे आहे. त्या वर्षीच्या बातम्या लोकांच्या डोक्यात इतक्या पक्क्या बसल्या की पुढची पंचवीस वर्षं त्या पुसायला लागली.

त्यानंतरही समुद्र लगेच मोकळा झाला नाही, बरं का. व्लोराहून रात्री वेगवान रबरी बोटी सुटायच्या, कधी माणसं, कधी सिगारेटी, कधी गांजा. वैतागून सरकारने २००६ मध्ये खाजगी छोट्या मोटारबोटींवरच बंदी घातली. तीन वर्षांसाठी म्हणून आलेली ती बंदी २०१३ पर्यंत लांबली. आज व्लोराच्या धक्क्यावर साझान बेटाच्या आणि काराबुरुनच्या गुहांच्या सहली विकणारे दहा जण तुम्हाला हाका मारतील. त्यांचा धंदा असा दहा-बारा वर्षांचाच आहे. साझान म्हणजे जुना लष्करी तळ, बोगदे आणि ओसाड बराकी. तिथे आता आलिशान रिसॉर्ट व्हायच्या गोष्टी चालू आहेत, त्यामुळे बघायचं असेल तर लवकर बघा.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट खटकेल, ती अर्धवट घरं. खाली राहतं घर, वर नुसते खांब आणि आकाशाकडे बोट दाखवणाऱ्या सळया. १९९१ च्या एका कायद्याने सामूहिक शेतीच्या जमिनी कसणाऱ्यांना वाटल्या, आणि कम्युनिस्ट राजवटीआधीचे मालक राहिले बाजूला. तेव्हा समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्याला कुणी विचारत नव्हतं, आज त्याच्यावर हॉटेल उभं राहतं. मग दावे, बेकायदा बांधकामं, मध्येच पाडापाडी. पैसे इटलीहून आले की एक मजला चढवायचा, थांबायचं. आणि या अर्धवट घरांवर नजर लागू नये म्हणून काय टांगलेलं असतं? जुने टेडी बेअर! फाटके, पावसाने भिजलेले, गळ्याला दोरी बांधलेले. आपल्या बांधकामावरच्या काळ्या बाहुलीची ही चुलत बहीण. पहिल्यांदा बघितलं की दचकायला होतं.

बाकीच्या किरकोळ गोष्टी पटकन सांगून टाकतो. जुलै-ऑगस्ट टाळा. २०२३ मध्ये या चोवीस लाख वस्तीच्या देशात एक कोटीच्या वर परदेशी पाहुणे आले, आणि त्यातले सगळे ऑगस्टमध्ये क्सामिललाच असतात असा माझा संशय आहे. जून किंवा सप्टेंबर उत्तम, पाणी छान कोमट आणि खोल्यांचे भाव निम्मे. खुर्ची-छत्रीचं भाडं आधी विचारा. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, 'ब्युरेक' नावाची पालक किंवा चीज भरलेली पापुद्र्याची पोळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, आणि 'फर्गेस' म्हणजे मिरच्या, टोमॅटो आणि ताज्या चीजचं कालवण पावाबरोबर झक्क लागतं. 'हो' ला 'पो' म्हणतात आणि 'नाही' ला 'यो'. जुनी माणसं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात, तेव्हा कान उघडे ठेवा. क्सामिलच्या पुढे बुत्रिंतचे ग्रीक-रोमन अवशेष आहेत, अर्धा दिवस ठेवा. तिरानात होजाचं स्मारक-संग्रहालय म्हणून १९८८ मध्ये बांधलेला पिरॅमिड आहे. त्याची २०२३ मध्ये नवी रचना करून आत मुलांना प्रोग्रॅमिंग आणि रोबोटिक्स शिकवायचं केंद्र काढलंय. बाहेरच्या उतारावर पायऱ्या केल्यात, वरपर्यंत चढता येतं. आपल्या व्यवसायातल्या माणसाने तेवढं तरी करावंच.

अल्बेनियन लोकांना शेंगेनचा व्हिसा लागणं बंद झालं १५ डिसेंबर २०१० पासून. म्हणजे ज्या खाडीत ते १९९० पर्यंत गोळ्या खात होते ती ते आता नुसता पासपोर्ट दाखवून ओलांडतात, शनिवारच्या खरेदीला सुद्धा. आपल्याला मात्र त्याच बोटीत चढायला व्हिसा लागतो, काळजी घ्या.

सारांदा ते कॉर्फू वेगवान बोटीने अर्धा तास, मोठ्या फेरीने तासाच्या थोडं वर. ग्रीस अल्बेनियाच्या एक तास पुढे आहे, म्हणजे कॉर्फूहून नऊला निघालात तर सारांदाला साडेआठला पोचता! उलट दिशेला तोच तास खिशातून जातो, त्यामुळे पुढची फ्लाइट असेल तर हिशेब नीट करा. आणि क्सामिलला, सारांदाला फोनकडे लक्ष ठेवा. तो पलीकडच्या ग्रीक टॉवरला परस्पर जोडला जातो आणि घड्याळ एक तास पुढे करून टाकतो. एकेकाळी डबे आणि तारा जोडून जो सिग्नल पकडायला लागायचा तो आता न बोलावता येतो. अलार्म लावून झोपणार असाल तर ऑटोमॅटिक टाइम झोन बंद ठेवा, आणि सीझनमध्ये बोटीचं तिकीट आदल्या दिवशीच काढा.